शाश्वत आणि टिकाऊ

मालदीवमधील एका बेटावर आम्ही चार दिवस राहिलो. बेट म्हणजेच रिसॉर्ट. दुसरी वस्ती नाही. १९७२ साली कुरुंबा येथे पहिले रिसॉर्ट निघाले, तेव्हापासून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हीच तेथील प्रमुख रीत राहिली आहे. खोलीतील मेजावर एक देखणी पुस्तिका ठेवलेली होती. तीत ‘सस्टेनेबल’ हा शब्द इतक्यांदा आला होता की, भाषेच्या माणसांची जुनी खोड उफाळून आली : याला मराठीत नेमके काय म्हणावे?

रूढ प्रतिशब्द ‘शाश्वत’. १९८७ च्या ब्रुंटलांड अहवालाने जगभर रुजवलेल्या संकल्पनेला आपण ‘शाश्वत विकास’ म्हणू लागलो. पण हा शब्द आपल्याकडे तत्त्वज्ञांच्या आणि संतांच्या घरचा. जे देहाबरोबर जात नाही ते शाश्वत; बाकी सारे नश्वर. समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच असलेल्या देशात तो उच्चारताना जीभ अडखळते.

या भूमीने चिरंतनतेचा दावा कधी केलेलाच नाही. ‘अ‍ॅटॉल’ हा शब्द इंग्रजीने तेथल्याच धिवेही भाषेतून उचलला. १८४२ मध्ये डार्विनने मांडले की, ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते आणि त्याच्या कडेचे प्रवाळ वर वाढत राहते. अखेर बेट बुडते, कंकण उरते. पायाखालची पांढरी वाळूदेखील बरीचशी पॅरटफिशने प्रवाळ कुरतडून विसर्जित केलेली. टिकणे हे येथे अखंड चालणारे काम आहे. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा या कामालाच खीळ बसली.

रिसॉर्टचे प्रयत्न ढोंगी होते, असे म्हणून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. पाणी काचेच्या बाटल्यांत मिळे, आणि तेवढे प्लास्टिक खरोखरच वाचत होते. परंतु ते पाणी समुद्राचे मीठ काढून, डिझेलच्या विजेवर तयार झालेले होते. भाजी परदेशातून आलेली, आम्ही सीप्लेनने आलेलो. पुस्तिकेतल्या जमाखर्चाला बेटाचा किनारा हीच सीमा होती. मालेजवळच्या थिलाफुशीवर देशाचा कचरा वर्षानुवर्षे उघड्यावर जळत होता. २०१४ च्या डिसेंबरात मालेतील पाणी गोडे करणाऱ्या संयंत्राला आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवले. या गोष्टी त्या जमाखर्चात बसत नाहीत.

लोखंडी चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधणारा तरुण दुसऱ्या एका बेटावरचा होता. आपल्या आजोबांचे घर प्रवाळाच्या दगडांचे होते, असे त्याने सांगितले. आजोबांनी गरजेपोटी प्रवाळ फोडले. नातू पगारावर ते पुन्हा बांधतो आहे. हे तुकडे जगतील का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “जगतात, सर. पाणी तापले नाही तर.”

हा ‘तर’ पुस्तिकेत नव्हता, आणि ‘शाश्वत’ या शब्दातही तो मावत नाही. त्यापेक्षा आपला बाजारातला ‘टिकाऊ’ बरा. कापड असो वा भांडे, टिकाऊ म्हटले की गिऱ्हाईक लगेच विचारते : किती दिवस? आणि कोणी नीट वापरले तर?