चिकूला मांडीवर घेऊ नकोस

चि. सुहास,

ग्रुपवर तू टाकलेला व्हिडिओ पाहिला. तू गाडी चालवतोयस, चिकू तुझ्या मांडीवर, पुढचे पाय खिडकीवर, कान वाऱ्यावर. आत्याने बदाम टाकले, रश्मीने तर तीन टाकले. मी काहीच टाकलं नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. फोनवर बोलले असते तर "ताई, तू उगाच घाबरतेस" म्हणत तू हसण्यावारी नेलं असतंस. म्हणून लिहितेय.

कुंभार्ली घाट आठवतो ना रे? मे २००६. गाडी मी चालवत होते, तू पंधरा वर्षांचा, माझ्या शेजारी, आणि मोती तुझ्या मांडीवर. मागे त्याची गोधडी अंथरली होती, तरी तू हट्टाने त्याला पुढे घेतलंस आणि मीही "बसू दे" म्हटलं. वळणावर समोरून एसटी आली, मी ब्रेक दाबला, गाडी घसरत कठड्यावर आदळली. वेग चाळीसच्या आतच असेल. तुला पट्ट्याने धरून ठेवलं. मोतीला तुझे दोन हात धरून ठेवू शकले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षं मी तो हिशेब मनात करत राहिले. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आत मोकळं बसलेल्या जिवाला जो मार बसतो, तो सहा मीटरहून उंच जागेवरून पडल्यासारखा असतो. आपल्या साताऱ्याच्या दुमजली घराची गच्ची साधारण तेवढीच. त्या गच्चीवरून पडणारं अठरा किलोचं कुत्रं कुणी हातांनी झेलेल का? तू झेलू शकला नाहीस, यात तुझी काहीही चूक नव्हती. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नव्हतास.

आणि दार उघडलं तेव्हा काय झालं, ते? मोती तीन पायांवर खुरडत थेट दरीच्या बाजूला पळाला. त्या एसटीच्या कंडक्टरने त्याला गळपट्ट्याला धरून आणलं, स्वतःच्या खाकी शर्टात गुंडाळलं. त्यांचं नावही आपण विचारलं नाही.

मग विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. बंपर, हेडलाइट, बॉनेट, सगळं त्याने कागदावर उतरवून घेतलं. बाबांनी विचारलं, "आणि कुत्र्याच्या ऑपरेशनचं?" तो बिचारा गोंधळला. त्याच्या फॉर्ममध्ये तशी ओळच नव्हती. आजही नाही, सुहास. तुझ्या गाडीच्या पॉलिसीत समोरच्याचं नुकसान आहे, गाडीचं आहे, बहुतेक तुझा स्वतःचा १५ लाखांचा अपघाती विमाही आहे. चिकू त्यात कुठेच नाही.

कायद्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नकोस. प्राण्याला वेदना होतील अशा तऱ्हेने गाडीतून नेणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. २०२० साली मुंबईत एका दुचाकीच्या धडकेत रस्त्यावरचा कुत्रा मेला. पुढे उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, कारण लावलेली कलमं माणसाच्या जिवाला धोका आणि माणसाला दुखापत यांबद्दलची होती. निकाल कायद्याला धरून होता, हे मला कळतं. तरी वाचताना मोतीच आठवत होता.

म्हणजे चिकूची काळजी आपणच घ्यायची. कुत्र्यांचा वेगळा विमा आपल्याकडे मिळतो. "गावठी आहे, त्याला कोण देणार?" म्हणशील. विचारून तर बघ, गावठी कुत्र्यांना घेणाऱ्या पॉलिसीही आहेत. लसीकरणाचं पुस्तक पूर्ण भरलेलं हवं, फोटो हवेत, वयाची अट असते, आधीपासूनचं दुखणं धरत नाहीत. आणि प्रवासात झालेली इजा, तिच्या ऑपरेशनचा खर्च मिळतो का, ती ओळ बोट ठेवून वाच. नुसती मृत्यूनंतर पैसे देणारी पॉलिसी मला नको आहे. मोतीच्या पायात पट्टी घालायला बाबांनी कर्ज काढलं होतं, हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही.

पण पॉलिसी नंतर. आधी त्याला मागच्या सीटवर बसव आणि बांध. २०२२ मध्ये सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा, हे अख्ख्या देशाला कळलं. तूच मला तेव्हा फोन करून बजावलं होतंस! मग चिकूला तो नियम का नाही? गळपट्ट्याला बांधू नकोस, मानेला झटका बसतो. छातीचा हार्नेस घाल. पुढे तर नकोच. ती एअरबॅग तुझ्या-माझ्या मापाने केलेली आहे, मांडीवर कुत्रं असेल तर तीच त्याच्या अंगावर येईल. खिडकी बोटभरच उघड. थांबलात की आधी दोरी हातात, मग दार. आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणून त्याला बंद गाडीत ठेवू नकोस. बाहेर हवा सुखाची असली तरी दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढतं, काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही.

रागावलास? रागाव. पण मोती त्यानंतर चार वर्षं जगला तो तुझ्यामुळे, हे मी विसरलेले नाही. दहावीचं वर्ष असून रोज सकाळी त्याला उचलून जिन्यावरून खाली न्यायचास, पायाला तेल लावायचास, क्लासला उशीर झाला तरी. गाडी मी चालवत होते. तू मला एकदाही बोलला नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, आज मानते.

गणपतीला गुहागरला निघाल तेव्हा वाटेत तोच घाट आहे. मी हार्नेस पाठवलाय, मध्यम मापाचा, गुरुवारपर्यंत पोचेल. त्याची क्लिप तुझ्या मागच्या सीटच्या बकलमध्ये नीट बसते का, जोर लावून ओढून बघ आणि मला फोन कर.

तुझी,
ताई