ट्रॅकसाठी दुसरी चाकं

मोटरसायकल कुठे चालली, ते मागचा टायर बघून कळतं. आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या गाड्यांचा टायर मधोमध झिजून सपाट झालेला असतो आणि कडेला नव्या रबराचे केस तसेच शाबूत. सुरत-नागपूर महामार्गावर पारोळा, एरंडोल, नशिराबाद करत पळणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार? लळिंगचा घाट सोडला तर गाडी झोपवायला जागाच कुठे आहे?

हाच टायर घेऊन पोरं ट्रॅक डेला निघतात. ही शर्यत नव्हे. पैसे भरायचे आणि आपली गाडी ट्रॅकवर हाणायची. श्रीपेरंबुदूरजवळच्या, १९९० पासूनच्या चेन्नईच्या ट्रॅकवर ३.७ किलोमीटरमध्ये १२ वळणं आहेत. सपाट झालेला टायर तिथे सावकाश कलत नाही, धारेवरून एकदम पडल्यासारखा कलतो. मऊ टायर हवाच. पण तो चढवून महामार्गाने जाऊ नका. पुरेसा तापल्याशिवाय तो पकड देत नाही, सरळ रस्त्यावर तेवढा तापत नाही, फुकट झिजतो मात्र. आणि दर वेळी लिव्हर घालून टायर काढला-घातला की अलॉयच्या कडेचे टवके उडतात. म्हणून माझा आग्रह दुसऱ्या चाकांचा.

चाक म्हणजे नुसती रिम नव्हे. डिस्क, एबीएसची रिंग, बेअरिंग, स्पेसर, मागे चेनची चकती आणि हबातली रबरं, सगळा संच जुळायला हवा. चाकणला बनलेल्या ३९० ड्यूकला पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही १७ इंची. एवढं जुळलं की लोक जुन्या बाजारातून चाक उचलतात. मग स्पेसर जरासा कमी निघतो आणि डिस्क कॅलिपरला घासते. रिंगच्या खाचा कमी-जास्त असल्या तर एबीएसला वेगाचा हिशेबच चुकीचा मिळतो. चकतीचंही तसंच: जुनी चेन नव्या चकतीवर नीट बसत नाही, ट्रॅकच्या चकतीला तिची स्वतःची चेन द्या.

चाक बसवताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर मी विसंबत नाही. दोन्ही बाजूंनी मोजतो, मागून चेनच्या रेषेत डोळा लावतो आणि मगच एक्सल टॉर्क पान्ह्याने आवळतो. चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात. चाक बसलं की मात्र लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं, गाडी जागची हलवण्याआधी. पॅड मागे सरकलेले असतात. पहिल्या दाबाला लिव्हर थेट मुठीला टेकते. ट्रॅकच्या पहिल्या वळणावर हे कळलं तर, भो, कुणाचाच इलाज चालत नाही.

नवजीवन एक्सप्रेस जळगाव-भुसावळवरून चेन्नईला जाते. रेल्वेने गाडी पाठवायची तर टाकी रिकामी करावी लागते. चाकं वेगळी, गोणपाटात. हवा ट्रॅकवर पोचल्यावरच भरा, सावलीत, टायर थंड असताना. पाच-सहा अंश तापमान वाढलं की साधारण एक पीएसआय चढतो. घरून मोजून नेलेल्या हवेला अर्थ नाही.

परत आल्यावर ती चाकं पत्र्याच्या शेडमध्ये टाकू नका. इथल्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, मऊ रबर नुसतं पडून कडक होतं. आतल्या खोलीत, अंधारात, वेल्डिंग मशीनपासून लांब ठेवा. आई ओरडेल. ओरडू दे.