आर्नोकाठचं कोल्हापूर

नेरूळ, रविवार रात्र

फ्लोरेन्सचा बेत आखायला बसलो आणि यादी बघता बघता लांबली. उफिझीत बोत्तिचेल्ली, अकादेमियात मायकेलअँजेलोचा डेव्हिड. दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तो दिवस मी काशिने उद्यानासाठी राखून ठेवलाय आणि खरं तर सगळ्यात जास्त ओढ त्याचीच आहे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. दहनाची रीतच नसलेल्या त्या शहरात, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. संगमावरच, हे वाचून पोटात कालवलं. सोबतच्या मंडळींनी त्या थंडीत, परक्या मुलखात, लाकडं कुठून जमवली असतील? कोणाकोणाची मनधरणी केली असेल?

१८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्याचाच. जवळच्या पुलाला फ्लोरेन्सकर 'इंडियानो' म्हणतात.

आई राजाराम कॉलेजात शिकलेली. कॉलेजाला ज्यांचं नाव आहे, ते हेच महाराज. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मग मीही येते. छत्री उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे आणि तिचे गुडघे दुखतात, तेव्हा तिथवर टॅक्सी जाते का ते आधी विचारायला हवं. व्हिसासाठी तिचे फोटोही उद्याच काढून घेतो.