किमचीचे रांजण

सोल शहरातील एका अरुंद गल्लीतल्या लहानशा खाणावळीत आम्ही जेवावयास गेलो. पादत्राणे दाराशी काढून ठेंगण्या मेजाभोवती जमिनीवरच बसावयाचे. वडील माणसाने चमचा उचलल्यावाचून धाकट्यांनी जेवणास आरंभ करावयाचा नाही, अशी तेथील रीत. किमची मात्र न मागता येते. संपली की पुन्हा वाढतात, आणि तिचे निराळे पैसे पडत नाहीत.

किमची म्हणजे मीठ, मिरची, लसूण व बहुधा खारवलेली मासळी घालून आंबविलेला कोबी. हिवाळ्याच्या तोंडी लेकीसुना, शेजारणी एकत्र जमून ती घालतात व घरोघर वाटतात. सासूकडून सुनेकडे जाणाऱ्या या प्रघातास ‘किमजांग’ म्हणतात. पूर्वी किमचीचे रांजण थंडीभर जमिनीत पुरून ठेवीत.

१९४५ मध्ये कोरियाचे दोन भाग झाले. १९५० ते १९५३ च्या युद्धात असंख्य कुटुंबांची ताटातूट झाली. युनेस्कोच्या वारसायादीतही हा एकच प्रघात दोनदा नोंदला गेला: २०१३ मध्ये दक्षिणेच्या नावे, २०१५ मध्ये उत्तरेच्या. उत्तरेकडील किमची कमी तिखट, कमी खारट. तिकडच्या आजीच्या हातची किमची इकडच्या नातवास सौम्य लागेल खरी. परंतु ती परक्या घरची आहे, असे काही त्यास वाटावयाचे नाही.