मशीद बंदरचें ‘दयेचें द्वार’

आमची वऱ्हाडांतील मंडळी मुंबईस गेली, कीं राणीचा बाग पाहते. मशीद बंदरच्या सॅम्युएल स्ट्रीटकडे क्वचितच वळते. मार्गदर्शकासमवेत आम्ही तेथील ‘शार हारहमीम’, म्हणजे ‘दयेचें द्वार’, हें ज्यूंचें प्रार्थनामंदिर पाहिलें. सॅम्युएल दिवेकर यांनीं तें १७९६ सालीं स्थापिलें.

दिवेकर बेने इस्रायल. कोंकणांत हे लोक तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस ‘शनवारतेली’ म्हणत. आडनांवें गांवांवरून, बोली मराठी. मोशेचें आख्यानहि त्यांनीं कीर्तनांत रंगविलें. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलास गेले. तेथूनहि त्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक काढलें.

सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा पुरुष लागतात. आतां तेवढे जमणेंहि कठीण, असें मार्गदर्शक म्हणाले. परक्यांचें मंदिर पाहावयास गेलों होतों; निघतांना घरचींच माणसें दुरावल्याची हुरहूर लागली.