अकरा हजारांचा श्वास

मुलांनो, घरातला कुकर शिट्टी द्यायची सोडून झाकणाच्या कडेने फसफस वाफ सोडायला लागला, तर आई काय करते? झाकण काढून आतली रबरी रिंग बघते. रिंग कडक झालेली असते, नाहीतर तिला चीर गेलेली असते. मग तुमच्यापैकी कुणाला तरी बाजारात पिटाळलं जातं. नवी रिंग येते, कुकर पुन्हा शिट्टी देतो. फार तर काय, त्या दिवशी डाळ कच्ची राहते!

पण हीच रिंग समुद्राखाली दहा-पंधरा मीटरवर असली तर? ही गोष्ट तशाच एका रिंगची आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्या एका चुकीचीही आहे.

मी मालवण तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गाच्या खिडकीतून लाटांचा आवाज येतो. पूर्वी आमच्याकडे पाहुणे यायचे ते सिंधुदुर्ग किल्ला बघायला आणि मासे खायला. आता पुष्कळ जण पाण्याखाली जायला येतात. पाठीवर हवेचं सिलिंडर, डोळ्यांवर मास्क, पायात वल्ह्यासारखी फिन्स, तोंडात नळी, झाली तयारी! याला म्हणतात स्कूबा डायव्हिंग. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने २०१५ मध्ये ते शिकवणारी संस्थाही काढली. किनाऱ्यावरच्या कितीतरी मुलांना त्यातून काम मिळालं.

त्यातलाच एक माझा जुना विद्यार्थी. चौथीत सतराच्या पाढ्याला हमखास अडखळायचा, पण पोहण्यात मासा! आता तो होडीवर काम करतो, पर्यटकांचा हात धरून त्यांना पाण्याखाली नेतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एके दिवशी शाळा सुटताना तो दारात उभा.

“बाईनू, तुमच्या कार्डावर माका एक वस्तू मागवून देशात? पैशे रोख देतंय.”

वस्तू कोणती, तर रेग्युलेटर. तो मी मागवून दिला. पण रेग्युलेटर काय करतो हे मला तेव्हा नीट ठाऊकही नव्हतं.

तर ऐका. डायव्हरच्या सिलिंडरमध्ये हवा दाबून दाबून भरलेली असते, साधारण दोनशे बार दाबाने. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज करा. ती हवा तशीच तोंडात आली तर छाती फुटेल. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवतो. सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो पहिला टप्पा. तो दाब दहा बारच्या आसपास आणतो. दुसरा टप्पा आपल्या तोंडात असतो. आपण श्वास ओढला की आतली रबरी चकती खेचली जाते, एक झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा मिळते. ओढणं थांबवलं की झडप बंद. हे सारं काम काही स्प्रिंगा, रबरी चकत्या आणि इवल्याइवल्या रिंगा करतात.

होडीवर रेग्युलेटर असतातच. पण दिवसभर ते या तोंडातून त्या तोंडात फिरतात. पोराला स्वतःचा हवा होता. पुढचा मोठा कोर्स करायचा होता ना! दुकानात नवा संच बावन्न हजारांना. इंटरनेटवर कुणीतरी वापरलेला अकरा हजारांना विकायला काढला होता. फोटोत तो अगदी लखलखत होता. मी दोन-तीनदा बोट फिरवलं आणि मागवून टाकला. आठवड्याने खोकं घरी आलं. एकेचाळीस हजार वाचवले म्हणून मीच जास्त खूश!

दुसऱ्या दिवशी तो रेग्युलेटर घेऊन होडीवर गेला. तिथल्या मुख्य प्रशिक्षकांनी हातात घेऊन विचारलं, “शेवटची सर्व्हिस कधी झाली? कागद कुठाय?” कागद नव्हताच. मग त्यांनी पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी दाखवली. चांदीसारखी दिसायला हवी ती हिरवट झालेली. म्हणजे कधीतरी आत खारं पाणी शिरलं होतं. “हा पाण्यात न्यायचा नाही,” त्यांनी सांगून टाकलं.

मला राग आला. वाटलं, गरिबाच्या पोराने स्वतःची वस्तू घेतली तर यांच्या पोटात का दुखतं? पण पोरगं माझ्यापेक्षा शहाणं. म्हणालं, “तपासून घेवया, बाईनू.” तसे रेग्युलेटर उघडून दुरुस्त करणारं दुकान आम्हाला गोव्यात मिळालं. रविवारी आम्ही दोघं एसटीने निघालो.

दुकान छोटंसं. पुढे भिंतीवर मास्क टांगलेले आणि मागे एक टेबल. त्यावर दिवा, ब्रश, पान्हे, चिमटे. घड्याळजीचं टेबल असतं ना, तस्संच. मालकांनी रेग्युलेटर सुटा केला आणि एकेक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडला. रिंगा चपट्या झाल्या होत्या. चकतीची रबरी कड कडक होऊन तडकली होती.

“वर किनाऱ्यावर यातून हवा छान आली असती,” ते म्हणाले. “खाली दहा मीटरवर पाण्याचा दाब मिळून एकूण दाब दुप्पट होतो. तिथे हा एकतर भसाभस हवा सोडत बसला असता, नाहीतर तडकलेल्या कडेतून श्वासाबरोबर खारं पाणी तोंडात आलं असतं.”

मी पोराकडे बघू शकले नाही. बटण मी दाबलं होतं ना!

सुटे भाग आणि मजुरी मिळून सात हजार सांगितले. भाग मागवून ते बसवायला पंधरवडा लागणार होता. मग ते हळूच म्हणाले, “बाई, रागावू नका, पण लोक माझ्याकडे येतात, चार मास्क लावून बघतात, नंबराचा फोटो काढतात आणि तोच मास्क घरी बसून मागवतात. मास्क बसतो की नाही हे बघून देण्याचे पैसे कुणी देतं का?”

मास्क कसा बघायचा, तेही त्यांनी दाखवलं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलकासा श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा बघायचा. प्रत्येकाचं नाक वेगळं, गाल वेगळे. खोक्याला ते कसं कळणार?

मीही म्हणाले, “अहो, पण बावन्न हजार म्हणजे या पोराची कित्येक महिन्यांची कमाई. त्याने जावं कुठे?”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तेही खरंच. माल बाहेरून येतो, त्यावर कर, आणि वर्षाला गिऱ्हाइकं मोजकी. स्वस्त देऊ कसा?” दोघांचंही खरं. मला त्या दिवशी उत्तर सापडलं नाही, आजही सापडलेलं नाही.

पण हा धंदा असा झाला कसा, याचं कुतूहल लागलं. घरी येऊन वाचलं, ते तुम्हाला सांगते.

१९४३ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, फ्रान्समध्ये पेट्रोलचा खडखडाट होता. एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने पेट्रोलऐवजी गॅसवर मोटार चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. नौदलातले अधिकारी जाक कूस्तो यांच्याबरोबर त्याने तीच कल्पना पाण्याखालच्या श्वासासाठी वापरली आणि ‘अ‍ॅक्वालंग’ तयार झालं. मोटारीची झडप माणसाच्या तोंडात आली म्हणा ना! युद्ध संपल्यावर ते विकायला निघालं. अमेरिकेत लॉस एंजेलिसला रेने बुसोझ यांच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात ते आलं. असं सांगतात, की पहिले दहा संच विकले गेल्यावर त्यांनी कळवलं, बाजार भरला, आता आणखी कुणी घेणार नाही! खरंखोटं देव जाणे. पण पुढे काय झालं बघा. १९५६ मध्ये कूस्तोंचा समुद्राखालचा सिनेमा आला. १९५८ ते १९६१ अमेरिकेत टीव्हीवर ‘सी हंट’ नावाची डायव्हरची मालिका चालली. ती बघून जो तो पाण्यात उतरायला निघाला.

आता पंचाईत अशी, की सामान घेतलं तरी वापरणार कसं? न शिकता खाली गेलं आणि घाबरून श्वास रोखून वर आलं, तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसं फाटू शकतात. म्हणजे वस्तू विकायची तर वापरायलाही शिकवायला हवं. १९६६ मध्ये जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी ‘पाडी’ नावाची शिक्षणसंस्था काढली. एरिक्सन शिक्षक होते, आणि क्रोनिन चक्क डायव्हिंगचं सामान विकणारे विक्रेते! आज जगभर पाडीचं कार्ड चालतं. मग दुकानांची एक रीतच पडली. शिकवणी तिथेच, सामान तिथेच, सिलिंडरमध्ये हवा भरायची तिथेच आणि दुरुस्तीही तिथेच. शिकवणीची फी कमी ठेवायची आणि सामानावर नफा काढायचा.

पुढे आधी टपालाने आणि मग इंटरनेटवरून सामान स्वस्तात मिळू लागलं. नफ्याचा भाग दुकानातून उठून गेला. दुकानात उरलं ते शिकवणं, हवा भरणं आणि दुसरीकडे घेतलेल्या वस्तू दुरुस्त करणं. काही कंपन्यांनी नियम केला, की नेमलेल्या दुकानातून घेतलं तरच हमी. तरी ओघ थांबला नाही. नवे भिडूही आले. घड्याळं आणि नकाशे दाखवणारी यंत्रं करणाऱ्या गार्मिनने २०१७ मध्ये डायव्हरसाठी मनगटी कॉम्प्युटर काढला. अ‍ॅक्वालंगची कंपनी तर मूळ मालकांनी २०१६ मध्ये विकून टाकली.

मोठमोठ्या साखळी दुकानांनीही स्वस्त सामान आणलं. डेकॅथलॉनने २०१४ मध्ये सबंध चेहरा झाकणारा मास्क काढला. तो फक्त पाण्यावर तरंगत खाली बघण्यासाठी, डायव्हिंगसाठी नाही हं! पण २०२० मध्ये इटलीत करोनाचे रुग्ण वाढले आणि दवाखान्यांत साधनं कमी पडली, तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी त्याच मास्कला छापील जोड बसवून रुग्णांना श्वास द्यायला तो वापरला. खेळण्याची वस्तू कुठल्या कुठे पोचते बघा!

आपल्याकडे सिलिंडरवर मात्र कडक पहारा आहे. बाहेरून आणायचं तर नागपूरच्या स्फोटकं सुरक्षा संस्थेची मंजुरी लागते. मग रेग्युलेटरवर तसा पहारा का नाही, असं त्या पोराने मला विचारलं. पूर्वी तो पहारा दुकानदार करत होता, एवढंच मला सुचलं.

पंधरवड्याने रेग्युलेटर नव्या रिंगांसह आला. अकरा अधिक सात, अठरा हजार. त्यातले सात मी दिले. तो नको नको म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. दुकानदारांनी आत एक कार्ड ठेवलं होतं: सर्व्हिसची तारीख आणि पुढची तारीख. प्रशिक्षकांनी आधी कार्ड वाचलं, मग जाळी बघितली, मग स्वतः तोंडात धरून दोन श्वास घेतले आणि पोराच्या हातात दिला. मी त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. तोंडाने मागायची राहिली आहे.

यंदा पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर तो पुन्हा गोव्याला गेला, एकटाच. परत आल्यावर हसत हसत सांगत होता, “बाईनू, एसटीत कंडक्टर इचारता, ‘काय रे, गॅसची नळी बदलून हाडलंस?’ मी सांगलंय, होय, तशीच!”