सात रिलीज

परवा पुण्याहून कडेगावला घरी चाललो होतो. एसटीत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडलं.

रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, संसाराची ताटातूट झाली, हे बहुतेकांना माहीत असतं. मी अडकतो ते १९१७ पाशी. वय पंचावन्न. मिशनच्या पगारावर पाणी सोडून हा माणूस साताऱ्यात येतो आणि 'देवाचा दरबार' काढतो! बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे जाणारा कुणीही त्यात चालेल. (तेव्हा आमचं कडेगाव सातारा जिल्ह्यातच होतं, म्हणून मला उगाच जवळचं वाटतं.) मला तर धर्म बदलण्यापेक्षा हे अवघड वाटतं. ख्रिस्ती तर ते बावीस वर्षं होतेच की.

मीही ख्रिस्तीच, जन्मापासून. रविवारची उपासना, नाताळचा केक, झालं. दोन वर्षांपूर्वी आमच्या पाळकसाहेबांनी विचारलं होतं, वस्तीतल्या मुलांना रविवारी दुपारी गणित शिकवशील का? म्हटलं, "एवढा रिलीज होऊ दे." त्यानंतर सात झाले.

घरी पोचल्यावर फोन केला. म्हणाले, "दहावीला एक ताई मिळाल्यात. आठवीची पोरं मात्र तशीच आहेत."

आठवीचं पुस्तक घेतलंय. बैजिक राशी पार विसरलोय राव.